पॅरिसचा पुतळा ते ब्रनोचा वाटाणा: आनुवंशिकतेच्या मागावर आठ दिवस

१८६२ च्या उन्हाळ्यात आजच्या चेकियातल्या ब्रनो शहरच्या मठातला चाळीस वर्षांचा एक मठवासी आगगाडीने पॅरिसला आणि तिथून लंडनला गेला. लंडनला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं, ते पाहायला ब्रनोभोवतीच्या मोराविया प्रांतातून एक मंडळी निघाली होती, त्यात हा होता. नाव ग्रेगोर मेंडेल. घरी मठाच्या परसात त्याच्या वाटाण्यांचे प्रयोग सातव्या वर्षात होते. त्याच वेळी लंडनपासून पंचवीसेक किलोमीटरवर, डाऊन नावाच्या खेड्यात, चार्ल्स डार्विन एका प्रश्नापाशी अडला होता: आईबापांचे गुण पिल्लात उतरतात, ते नेमके कसे? दोघांची भेट झाली नाही. हा आठ दिवसांचा प्रवास त्याच वाटेवरचा आहे. सुरुवात पॅरिसला, शेवट मेंडेलच्या जन्मगावी.

निघण्याआधी व्हिसाचं नीट पाहा, कारण हा बेत बहुतेक तिथेच बिघडतो. पॅरिस शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत, लंडन बाहेर, ब्रनो पुन्हा शेंगेनमध्ये. म्हणजे ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो आणि शेंगेनचा व्हिसा निदान दोन प्रवेशांचा हवा. एकाच प्रवेशाचा शिक्का असेल तर लंडनला गेल्या क्षणी तो संपतो आणि व्हिएन्नाला उतरू देत नाहीत. वारांचीही सांगड घालावी लागते. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयाची मोठी दालनं मंगळवारी बंद असतात, आणि चेकियातली बहुतेक संग्रहालयं सोमवारी.

पहिला दिवस: पॅरिस

मेट्रोच्या ५ किंवा १० नंबरच्या मार्गाने गार द ऑस्टरलिट्झला उतरायचं. रस्ता ओलांडला की जार्दां दे प्लांत, म्हणजे वनस्पती उद्यानाचं फाटक. ही बाग १६३५ मध्ये राजाची औषधी बाग म्हणून सुरू झाली आणि क्रांतीनंतर १७९३ मध्ये राष्ट्रीय संग्रहालय झाली. बागेत शिरायला तिकीट नाही. आत पाऊल टाकताच समोर उंच चौथऱ्यावर बसलेला फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क दिसतो.

पुतळा १९०९ चा. लामार्कचा ‘प्राणिशास्त्रीय तत्त्वज्ञान’ हा ग्रंथ १८०९ चा, त्याच्या शताब्दीला तो उभारला. समोर लिहिलंय, ‘उत्क्रांती-सिद्धांताच्या संस्थापकास’. बहुतेक जण इथे फोटो काढून पुढे जातात. पण चौथऱ्याला वळसा घालून मागे जा. तिथे काशाच्या उठावात म्हातारा, आंधळा लामार्क बसला आहे, शेजारी मुलगी कोर्नेली, आणि खाली तिचे शब्द: पुढच्या पिढ्या तुमचं कौतुक करतील, तुमच्यावरच्या अन्यायाचा सूड घेतील, बाबा. आयुष्याची शेवटची दहाएक वर्षं त्याला दिसत नव्हतं. १८२९ मध्ये तो गेला तेव्हा मोंपार्नासच्या दफनभूमीत भाड्याची जागा मिळाली. मुदत संपल्यावर हाडं काढली गेली, ती कुठे गेली कुणाला ठाऊक नाही. ‘जीवशास्त्र’ या अर्थाचा शब्द प्रचारात आणणाऱ्यांपैकी एक हा, ‘अपृष्ठवंशी’ हा वर्ग पाडणारा हा, आणि त्याला थडगं नाही.

शाळेत लामार्क एका ओळीत संपतो: जिराफाने मान ताणली, मुलांची मान लांब झाली. मग लगेच वाइझमानचे उंदीर येतात. १८८० च्या दशकात ऑगस्ट वाइझमान या जर्मन जीवशास्त्रज्ञाने पाच पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापल्या, ९०१ पिल्लं झाली, एकाचीही शेपूट आखूड निघाली नाही. आपल्याकडे तर हा प्रयोग शेकडो पिढ्या चालू आहे. सोनार कान टोचतो, पण मूल कधी टोचलेल्या कानांनी जन्माला येत नाही.

एवढ्यावर लामार्कला निकालात काढणं मात्र अन्यायाचं आहे. कुणी अवयव कापला तर तो पुढच्या पिढीत कापलेलाच येईल, असं त्याने म्हटलं नव्हतं. त्याचं म्हणणं वापराबद्दल होतं: परिस्थिती बदलली की गरजा बदलतात, गरजेने सवयी बदलतात, वापराने अवयव वाढतो, न वापरल्याने झिजतो, आणि हा बदल आईबाप दोघांत असेल तर संततीत उतरतो. यातला शेवटचा भाग त्याने शोधलेला नव्हता. त्या काळी शेतकरी, वैद्य, तत्त्वज्ञ सगळेच तसं धरून चालत. लामार्कने तो पुरावा न मागता उचलला, कारण त्याचा खरा मुद्दा दुसरा होता, की जाती बदलतात. पॅरिसभोवतीच्या खडकांतले शंखशिंपले वर्षानुवर्षं लावता लावता त्याची तशी खात्री झाली होती.

आनुवंशिकतेला मोजमाप लावायचा प्रयत्न त्याच्या आधी दुसऱ्या एका फ्रेंच माणसाने केला होता. मोपर्त्युई बर्लिनच्या अकादमीचा अध्यक्ष असताना त्याला सहा बोटांचं एक कुटुंब सापडलं. त्याने पिढ्या लिहून काढल्या आणि हिशेब मांडला: सहा बोटं वीस हजारांत एकाला असतात असं धरलं, तर ओळीने तीन पिढ्यांत ती निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता ८०,००,००,००,००,००० मध्ये १. म्हणजे हा योगायोग असूच शकत नाही, काहीतरी हातोहात दिलं जातंय. ही गोष्ट १७५० च्या आसपासची आहे. पुढे शंभर वर्षं त्या वाटेने जवळजवळ कुणी गेलं नाही.

दुसरा दिवस: पॅरिस, दालनं

सकाळी उत्क्रांतीचं भव्य दालन, दुपारी तुलनात्मक शरीररचना आणि जीवाश्मांचं दालन, हा क्रम ठेवावा. पहिल्या दालनाची इमारत १८८९ ची, १९९४ मध्ये ती नव्या रूपात उघडली. मधल्या चौकात हत्ती, जिराफ, झेब्रे एका रांगेत चाललेले मांडले आहेत. दुसरं दालन १८९८ चं आहे, त्यात सांगाड्यांची अख्खी फौज एकाच दिशेला तोंड करून उभी आहे. दोन तास तरी लागतात.

सांगाड्यांच्या दालनात क्युव्हिए आठवावा. लामार्कचा सहकारी आणि त्याचा सगळ्यात जोरदार विरोधक. नेपोलियनच्या मिसर मोहिमेवरून जोफ्र्वा सेंतिलेर या प्राणिशास्त्रज्ञाने इबिस पक्ष्यांच्या ममी आणल्या. क्युव्हिएने त्यांची हाडं आजच्या इबिसशी ताडून पाहिली. काडीचाही फरक नाही. दोन-तीन हजार वर्षांत जात बदलली नाही, तर ती बदलतच नाही, असा त्याचा निष्कर्ष. लामार्कचं उत्तर असं, की मिसरचं हवामान तेच राहिलं मग पक्ष्याने बदलावं कशासाठी, आणि पृथ्वीच्या वयापुढे तीन हजार वर्षं म्हणजे किती! या वादात मोजमाप क्युव्हिएचं चोख होतं आणि काळाचा अंदाज लामार्कचा बरोबर होता. दोघांपैकी कुणाकडेही गुण उतरण्याचा नियम नव्हता.

तिसरा दिवस: लंडन

गार द्यू नोरहून युरोस्टारने सव्वादोन-अडीच तासांत लंडनचं सेंट पँक्रास. ब्रिटनची पासपोर्ट तपासणी पॅरिसलाच होते, म्हणून गाडीच्या दीड तास आधी पोचावं.

दुपारी साउथ केन्सिंग्टन. निसर्गेतिहास संग्रहालयाच्या मोठ्या दालनात जिन्यावर संगमरवरी डार्विन बसला आहे, १८८५ चा पुतळा. पर्यटक वर टांगलेल्या देवमाशाच्या सांगाड्याकडे पाहत असतात. इथे खाली, पायाखालच्या जमिनीकडे पाहावं. १८६२ चं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन याच जागेवर भरलं होतं. ती इमारत पाडल्यावर हे संग्रहालय बांधलं गेलं, ते १८८१ मध्ये उघडलं. मेंडेल ज्या जागी हिंडला त्याच जागी आज डार्विन बसला आहे.

संध्याकाळी पिकॅडिलीवरचं बर्लिंग्टन हाउस. १ जुलै १८५८ रोजी इथे लिनियन सोसायटीत, म्हणजे निसर्गअभ्यासकांच्या मंडळात, डार्विन आणि निसर्गशास्त्रज्ञ वॉलेस यांचे नैसर्गिक निवडीवरचे निबंध वाचले गेले. दोघेही हजर नव्हते. वॉलेस मलाय द्वीपसमूहात होता, आणि डार्विनचं तान्हं मूल तीनच दिवसांपूर्वी स्कार्लेट तापाने गेलं होतं. सोसायटी आज अंगणाच्या बाजूच्या इमारतीत आहे. वाचन झालं ती खोली मुख्य इमारतीत, सध्याच्या रॉयल अकादमीत आहे. सोसायटीच्या दारावर जाऊन ‘इथेच वाचलं’ असं समजून परतणारे पुष्कळ असतात, म्हणून हा तपशील.

चौथा दिवस: डाऊन

लंडन व्हिक्टोरियाहून लोकल गाडीने ब्रॉम्ली साउथ, तिथून १४६ नंबरची बस थेट खेड्यात. बस साधारण तासाला एक, तेव्हा परतीची वेळ उतरल्या उतरल्या पाहून ठेवावी. चर्चपासून डाऊन हाउस दहा मिनिटांच्या चालीवर आहे. रस्ता अरुंद, काही भागात पदपथ नाही. हिवाळ्यात घर रोज उघडं नसतं.

डार्विन इथे सप्टेंबर १८४२ मध्ये आला आणि १८८२ मध्ये इथेच वारला. अभ्यासिका पाहण्यासारखी आहे, चाकं लावलेली खुर्ची, औषधांच्या डब्या, कप्पे. पण खरा माल बाहेर आहे. १८५७ च्या जानेवारीत त्याने ३ फूट बाय २ फूट जमीन खणून साफ केली, आणि उगवणारं प्रत्येक तणाचं रोप तारेने खूण करून मोजायला लागला. ३५७ उगवली. त्यातली २९५ मेली, बहुतेक गोगलगायी आणि किड्यांनी खाल्ली. नैसर्गिक निवड म्हणजे काय हे समजायला एवढा वाफा पुरतो. साताऱ्यात नाहीतर सावंतवाडीत, घरामागे पहिल्या पावसानंतर कुणालाही करता येईल. जागा आखा, तण उपटून साफ करा, रोज नवीन रोपाशेजारी काडी रोवा, मेलेल्याची काडी काढून वहीत नोंद करा. एकच चूक सगळे करतात. रोज जात नाहीत, आणि मधल्या दिवसांत उगवून मेलेली रोपं मोजणीतून सुटतात.

निवडीला कच्चा माल लागतो, तो म्हणजे फरक. हे फरक समजून घ्यायला डार्विनने १८५५ पासून कबुतरं पाळली. देशोदेशीहून कातडी मागवली, हिंदुस्थानातून वॉल्टर इलियटने पाठवली. अकबराच्या दरबाराबरोबर वीस हजारांवर कबुतरं असत, हेही त्याने ग्रंथात नमूद केलंय. लोटण, लक्का, कागदी सगळी एकाच रानकबुतरापासून निघाली, हे त्याने दाखवलं.

पण फरक टिकतो कसा? १८६७ मध्ये फ्लीमिंग जेंकिन या अभियंत्याने याच वर्मावर बोट ठेवलं. तेव्हा सगळे धरून चालत की आईबापांचे गुण दुधात पाणी मिसळावं तसे मिसळतात. मग एखाद्यात आलेला चांगला फरक पहिल्या पिढीत निम्मा, दुसरीत पाव, दहाव्या पिढीत १/१०२४. निवडीने निवडायचं काय?

डार्विनने १८६८ मध्ये पॅनजेनेसिसची कल्पना मांडली: शरीराच्या प्रत्येक भागातून सूक्ष्म कण सुटतात, ते जननपेशींत गोळा होतात आणि पुढे जातात. यात लामार्कचा वापर-न वापर चपखल बसतो, हे लक्षात घ्या. डार्विनने लामार्कला हटवलं हे अर्धसत्य आहे. आनुवंशिकतेत तो त्याच्याच पंगतीला बसला होता. त्याचा आतेभाऊ गाल्टनने सशांत दुसऱ्या जातीच्या सशांचं रक्त भरून पाहिलं. कण रक्तातून फिरत असतील तर पिल्लांत मिसळ दिसायला हवी होती. १८७१ मध्ये निकाल आला, काही मिसळलं नाही. रक्तातून जातात असं मी म्हटलंच नव्हतं, असं डार्विनने कळवलं.

आता या बागेतली सगळ्यात मोलाची गोष्ट. स्नॅपड्रॅगनचं नेहमीचं फूल मिटलेल्या ओठांसारखं असतं. कधीकधी एखाद्या झाडाला सगळ्या बाजूंनी सारखं, नळीसारखं फूल येतं, त्याला पेलोरिक म्हणतात. डार्विनने दोन्हींचा संकर केला. पहिल्या पिढीचे दोन मोठे वाफे लावले, एकही झाड पेलोरिक निघालं नाही. त्या झाडांना आपोआप बी धरू दिलं. पुढच्या पिढीत १२७ रोपं: ८८ नेहमीची, ३७ पूर्ण पेलोरिक, २ मधली.

मधली दोन बाजूला ठेवा. मेंडेलचा नियम असा, की अशा संकराच्या दुसऱ्या पिढीत वर दिसणारा गुण आणि लपलेला गुण यांचं प्रमाण तीनास एक पडतं. १२५ मध्ये तीनास एक असेल तर ९३.७५ आणि ३१.२५ यायला हवीत. ८८ आणि ३७ यांचा काय-वर्ग, म्हणजे आलेले आकडे अपेक्षेपासून किती ढळले याचं माप, काढला तर सुमारे १.४ येतो. ३.८४ च्या पुढे गेला असता तर शंका घ्यायची. म्हणजे हा आकडा तीनास एकाशी छान जुळतो. डार्विनने तो छापला, आणि खाली अर्थ लिहिला की मध्ये एक पिढी गेल्याने पेलोरिक होण्याचा कल बळावलेला दिसतो. प्रश्नाचं उत्तर त्याच्या स्वतःच्या वाफ्यात उगवलं होतं. हा उतारा वाचताना दर वेळी गलबलून येतं.

त्याला ते का दिसलं नाही? एकच संकर, एकच मोजणी, पुढची पिढी नाही. शिवाय ‘मधली’ दोन झाडं त्याच्या मनातल्या मिसळीच्या चित्राला आधार देत होती. आणि तो गुणाला एक ‘बळ’ समजत होता, वाढणारं नि घटणारं. बळाचं गुणोत्तर कुणी काढत नाही. मेंडेलच्या निबंधाची पानंही न कापलेली, म्हणजे न वाचलेली प्रत डार्विनच्या घरी सापडली, ही गोष्ट सर्रास सांगितली जाते. ती खोटी आहे. त्याच्या संग्रहात ती प्रत नव्हती.

जाण्याआधी सँडवॉकवर, म्हणजे डार्विनच्या फिरण्याच्या वाटेवर, एक फेरी मारावी, साधारण चारशे मीटरची. कोपऱ्यावर गारगोट्यांचा ढीग रचून डार्विन दर फेरीला एक ठोकरून बाजूला करी, म्हणजे फेऱ्या मोजायला डोकं लागत नसे.

पाचवा दिवस

नुसता प्रवास. लंडन ते व्हिएन्ना विमान, व्हिएन्नाच्या मुख्य स्थानकावरून ब्रनोला दीड तास रेल्वे.

सहावा दिवस: ब्रनो, मठ

मुख्य स्थानकासमोरून १ नंबरची ट्राम, उतरायचं मेंडलोवो नामेस्ती, म्हणजे मेंडेल चौक. लाल विटांचं गॉथिक चर्च, शेजारी दारूभट्टी, आणि त्यांच्यामध्ये सेंट थॉमसचा मठ. इमारत चौदाव्या शतकातल्या जोगिणींच्या मठाची, ऑगस्टिनियन १७८३ मध्ये इथे आले. १९१० चा संगमरवरी मेंडेल पूर्वी चौकात होता. साम्यवादी राजवटीत आनुवंशिकी वर्ज्य ठरली तेव्हा तो मठाच्या आत सरकवला गेला, तो आजही तिथेच आहे.

वाटाण्याचा वाफा ३५ मीटर लांब, ७ मीटर रुंद. चालत टोकापासून टोकापर्यंत अर्धा मिनिट लागत नाही. कबड्डीच्या जेमतेम दोन मैदानांएवढी ही जागा. घरातल्या अंगणापेक्षा मोठी आणि शेताच्या तुकड्यापेक्षा लहान, २४५ चौरस मीटर. १८५६ ते १८६३ या आठ हंगामांत सुमारे २८,००० झाडं इथे आणि काचघरात वाढली. काचघराचा जुना पाया बागेत दिसतो.

मेंडेलने सुरुवातीला बियाणेवाल्यांकडून ३४ वाण घेतले, दोन वर्षं नुसते लावून पाहिले की बी शुद्ध आहे का. २२ वाण ठेवले. त्यातून सात गुण निवडले, सातही असे की झाड एका बाजूला पडतं किंवा दुसऱ्या. पानांचा आकार, फुलायची तारीख असले सरकते गुण त्याने बाजूला ठेवले. डार्विनचे ‘मधले दोन’ त्याने असे दारातच अडवले.

वाटाणाच का? फूल उघडण्याआधीच कळीत पराग फुटतात, त्यामुळे झाड स्वतःचंच बी धरतं. फुलाची नौकेसारखी पाकळी पुंकेसर-स्त्रीकेसर घट्ट झाकून ठेवते, माशीला सहज शिरता येत नाही. मात्र हाच गुण संकर करताना डोकेदुखी होतो. कृती अशी:

उद्या-परवा उघडेल अशी कळी निवडा. पाकळ्या हिरव्या निदलांच्या जेमतेम बाहेर आलेल्या हव्यात. डाव्या हाताच्या चिमटीत कळी धरा, ध्वज आणि पंख, म्हणजे वरची मोठी आणि बाजूच्या दोन पाकळ्या, मागे सारा, टोकदार चिमट्याने नौका हळूच चिरा. आत दहा पुंकेसर असतात, नऊ जोडलेले, एक सुटा. दहाही परागकोश मोजून काढा. मग दुसऱ्या वाणाचं ताजं उमललेलं फूल घ्या, त्याची नौका मागे ओढली की परागाने माखलेला कुंचल्यासारखा भाग बाहेर येतो, तो तुमच्या कळीच्या कुक्षीला, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकाला लावा. पाकळ्या परत मिटवा, देठाला दोरा बांधून तारीख आणि दोन्ही वाणांची नावं लिहा.

बिघडतं कुठे? परागकोश चिमट्याला पिवळी भुकटी सोडत असतील तर उशीर झाला, स्वपरागण होऊन गेलं, ती कळी फेकून द्या. फार कोवळी घेतली तर स्त्रीकेसर मोडतं किंवा कळी गळते. ऊन चढलं की फुलं गळतात, म्हणून काम सकाळीच. मेंडेलला आणखी एक शत्रू होता, वाटाण्याचा भुंगेरा. त्याची मादी फुलात अंडी घालताना नौका उघडते आणि परका पराग आत शिरू शकतो, हे त्याने निबंधात नोंदवलंय.

आता एक बारकावा, ज्यावर पुष्कळ शिक्षकही अडतात. दाण्याची द्विदलं, म्हणजे सालीच्या आतल्या दोन डाळी, ही पुढच्या पिढीची असतात, साल मात्र आईची. त्यामुळे दाणा गोल की सुरकुतलेला, आत पिवळा की हिरवा, हे संकर केलेल्या शेंगेतच, त्याच हंगामात कळतं. फुलाचा रंग, झाडाची उंची कळायला बी पुन्हा पेरून एक वर्ष थांबावं लागतं. मेंडेलच्या दाण्यांच्या आकड्यांत हजारो आहेत आणि उंचीच्या आकड्यांत शेकडो, त्याचं कारण हेच. २५३ संकरित झाडांनी ७,३२४ दाणे दिले: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. २५८ झाडांनी ८,०२३: ६,०२२ पिवळे, २,००१ हिरवे. उंचीत १,०६४ झाडं: ७८७ उंच, २७७ बुटकी.

हे तीनास एक प्रत्येक शेंगेत दिसतं असं समजू नका. एका झाडावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले आले. दुसऱ्यावर १४ आणि १५. रंगात एकावर ३२ पिवळे आणि १ हिरवा, दुसऱ्यावर २० आणि १९. हे टोकाचे आकडे त्याने स्वतः छापले. डार्विनसारखी एकच मोजणी केली असती, आणि ती १४-१५ ची निघाली असती, तर पुढे काही घडलं नसतं. व्हिएन्ना विद्यापीठात १८५१ ते १८५३ या काळात भौतिकशास्त्र आणि गणित शिकलेल्या माणसाला ठाऊक होतं की नियम ढिगात दिसतो.

आणि खरी कमाल तीनास एकात नाहीच. गोल दाण्यांची ५६५ झाडं त्याने पुन्हा लावली. १९३ झाडांना फक्त गोल आले, ३७२ ना दोन्ही. म्हणजे वरून सारखे दिसणारे ‘तीन’ आतून एक शुद्ध आणि दोन मिश्र होते. लपलेला गुण मिसळला नव्हता, पातळ झाला नव्हता, जसाच्या तसा आत बसून होता. जेंकिनच्या १/१०२४ ला उत्तर या एका ओळीत आहे. दूध-पाण्याचा दाखला चुकीचा, वाटाण्या-हरभऱ्याची मिसळ म्हणा, कितीही ढवळा, दाणे वेगळे निवडता येतात.

आपल्या वाण्याकडे जाऊन हे हातात घेऊन पाहता येतं. उसळीचा पांढरा वाटाणा आणि हिरवा वाटाणा, दोन्ही भिजवून साल काढा. एकाची द्विदलं पिवळी, दुसऱ्याची हिरवी. रंग लावलेला माल असतो, म्हणून सालीवर जाऊ नका. दोन्ही वाळलेले असताना गोल असतात, कारण त्यांत पिठूळपणा भरपूर. पुरंदर-सासवडकडे हिरव्या शेंगांसाठी लावतात त्या अर्केलसारख्या गोड वाणाचं बी वाळल्यावर सुरकुततं. त्यात पिष्ट बनवणारं एक विकर निकामी असल्याने साखर जास्त राहते, साखर पाणी ओढते, आणि पाणी आटलं की साल चुरगळते. जनुकात मध्येच घुसलेला डीएनएचा एक तुकडा याला कारण आहे, हे १९९० मध्ये कळलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुंडीत पेरा, पहिल्या थंडीत संकर, दुसऱ्या थंडीत मोजणी. मेंडेलच्या झाडाला सरासरी तीसेक दाणे येत, तेव्हा तीनशे दाण्यांसाठी दहा झाडं तरी हवीत.

सातवा दिवस: ब्रनो, गाव

गावातल्या यान्स्का रस्त्यावर तेव्हाची रेआलशूल, म्हणजे माध्यमिक शाळा होती. तिथे ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ ला मेंडेलने निबंध वाचला, पुढच्या वर्षी तो छापून आला. त्याने ४० सुट्या प्रती मागवल्या. म्युनिकच्या नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक पाठवली. नेगेलीने त्याला हॉकवीड या रानफुलावर काम करायला प्रोत्साहन दिलं. दुर्दैव असं, की हॉकवीड बहुधा फलनाशिवायच बी धरतं, रोपं आईची नक्कल निघतात. तीनास एक तिथे येणारच नव्हतं, आणि हे कारण मेंडेलच्या हयातीत कुणाला माहीत नव्हतं.

मेंडेल एकटा, कोपऱ्यातला, असं चित्र रंगवतात ते ब्रनोत फिरलं की पुसलं जातं. हे लोकरीच्या गिरण्यांचं शहर, मोरावियाचं मँचेस्टर. चांगली लोकर म्हणजे चांगली मेंढी, म्हणून इथल्या मेंढपाळ मंडळात पैदाशीवर दशकानुदशकं वाद चालले. हंगेरीच्या फेश्टेटिच सरदाराने १८१९ मध्येच ‘निसर्गाचे जनुकीय नियम’ असे शब्द वापरले होते. मठाधिपती सिरिल नाप या चर्चांत असे, आणि १८३७ च्या सुमारास त्याने प्रश्न नेमका केला: पैदास कशी करावी हे राहू द्या, काय वारशाने येतं आणि कसं येतं ते विचारा. पुढे यानेच मेंडेलला मठात घेतलं, व्हिएन्नाला पाठवलं, काचघर बांधून दिलं. प्रश्न मठात आधीपासून होता. मेंडेलने त्याला वाफा दिला.

डार्विनच्या ग्रंथाचं १८६३ चं जर्मन भाषांतर मेंडेलकडे होतं, समासात त्याच्या खुणा आहेत. तोवर वाटाणे मोजून झाले होते. १८६८ मध्ये तो मठाधिपती झाला, मग करावरून सरकारशी वाद, हवामानाच्या नोंदी, मधमाश्या. ६ जानेवारी १८८४ ला तो गेला. अंत्यविधीला ऑर्गनवर संगीतकार यानाचेक होता. १९०० मध्ये द फ्रीस, कोरेन्स आणि चेरमाक या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या निबंधांतून त्याचं काम वर आलं. मध्यवर्ती दफनभूमीत ऑगस्टिनियनांच्या सामाईक कबरीत त्याचं नाव आहे. दुपार तिथे द्यावी.

आठवा दिवस: हिनचित्से

ब्रनोहून बहुतेक वेळा प्रेरोवला गाडी बदलून सुखडोल नाड ओद्रोउ, पुढे काही किलोमीटर बस किंवा टॅक्सी. शनिवार-रविवारी बस फार कमी. जन्मघर आता संग्रहालय आहे, उघडं असेल का ते आधी विचारून जावं.

१८२२ मध्ये योहान मेंडेल इथे जन्मला. बाप अंतोन शेतकरी, फळझाडांवर त्याचा जीव. गावच्या पाद्र्याने, श्राइबरने, इथल्या लोकांना कलमं बांधायला शिकवलं होतं, पोरगा तेच पाहत वाढला. १८३८ मध्ये ओंडका पडून अंतोन जायबंदी झाला आणि शिक्षणाचा पैसा आटला. तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या हुंड्यातला वाटा भावाला दिला. मेंडेल ते विसरला नाही, तिच्या मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला, त्यातले दोघे डॉक्टर झाले.

घराजवळ अग्निशमन दलाची छोटी इमारत आहे. १८८२ मध्ये, मठाधिपती असताना, त्याने तिच्यासाठी गावाला ३,००० गुल्डेन दिले. घरामागच्या उतारावर अजून फळझाडं आहेत. सप्टेंबरात आलात तर खाली सफरचंदं पडलेली असतात.